दमवेलीचें पान : गुण, पुरावा आणि धोका

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेंत आषाढ-श्रावणाचे दिवस सुरू झाले कीं जुन्या घरांच्या मातीच्या भिंतींना ओल चढते, रंकाळ्यावरून येणारा गार वारा दाराखिडक्यांतून आंत शिरतो, आणि ज्यांना दम्याचा विकार आहे त्यांच्या रात्री लांबूं लागतात. पावसाळा सरून गुऱ्हाळें पेटलीं म्हणजे हवेंत धुराची भर पडते. रात्रभर उशीला टेकून बसलेल्या घरच्या वडीलधाऱ्या बाईला सकाळीं शेजारची कोणी भेटावयास येते आणि म्हणते, “काकी, परसांतल्या दमवेलीचं एक पान सकाळीं अनशापोटीं चावून खावा. सहा दिवस करा, दमा पळतोय बघा.” सांगणारीचा हेतु निर्मळ असतो, ऐकणारी थकून गेलेली असते, आणि पान तर फुकट मिळतें. असा सल्ला नाकारणें कठीण!

ह्या साध्या सल्ल्यांत दोन निरनिराळे प्रश्न गुंतलेले आहेत. पान खाल्ल्यानें दमा खरोखर हटतो काय, हा पहिला. आणि खाणाऱ्यास त्यापासून कांहीं अपाय होतो काय, हा दुसरा. एकाचें उत्तर मिळालें म्हणजे दुसऱ्याचें आपोआप मिळतें असें नाहीं. आपल्याकडील शेंकडों घरगुती औषधींविषयीं हे प्रश्न कोणीं विचारलेलेच नाहींत. दमवेलीविषयीं ते विचारले गेले, तेहि भारतीय डॉक्टरांकडून व भारतीय रुग्णांवर; परंतु शोध अर्ध्यावरच थांबला. म्हणून ह्या वेलीची हकीकत एका पानापुरती नसून, अशा कोणत्याहि पानाकडे सुशिक्षित कुटुंबानें कोणत्या दृष्टीनें पहावें हें शिकविणारी आहे.

प्रथम वेलीची ओळख करून घेणें अवश्य आहे. दमवेल ही रुई-मांदाराच्या कुळांतील, कुंपणाला किंवा दुसऱ्या झाडाला पीळ घालून चढणारी बारीक वेल होय. तिचीं पानें समोरासमोर येणारीं, जाडसर व लांबट अंडाकृति असतात. फुलें लहान, हिरवट-पिवळीं व आंतून किंचित् जांभळट असतात. शेंगा जोडीनें लागतात, आणि आंतील बियांना रुईच्या बियांप्रमाणें रेशमी तंतूंचा झुपका असतो. अलीकडे रोपवाटिकांतूनहि ती विकत मिळते. मराठींत तिला अंतमूळ, पित्तमारी, खडकी रास्ना अशींहि नांवें आहेत. शास्त्रज्ञांनीं तिला पूर्वीं ‘टायलोफोरा अस्थमॅटिका’ म्हटलें, म्हणजे नांवांतच दमा आला. पुढें ती ‘टायलोफोरा इंडिका’ झाली. आणि अगदीं अलीकडे तिची गणना ‘विन्सेटॉक्सिकम’ ह्या प्रजातींत होऊं लागली आहे. ह्या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘विषावर मात करणारी’ असा होतो. परंतु नांव कितीहि भारदस्त असलें तरी तें गुणाचा पुरावा होऊं शकत नाहीं.

नांवांपासून लाभ तर नाहींच, उलट घोटाळा मात्र होतो. ‘अंतमूळ’ आणि ‘अनंतमूळ’ ह्या दोन शब्दांत अवघ्या एका अक्षराचा फरक आहे. अनंतमूळ म्हणजे उपलसरी. तिच्या सुगंधी मुळ्यांचें सरबत उन्हाळ्यांत लोक आवडीनें पितात. अंतमूळ म्हणजे दमवेल. तिच्या पानानें व मुळीनें ओकाऱ्या होतात. जी चूक कानाला जाणवत नाहीं ती पोटाला जाणवते. ‘रास्ना’ ह्या नांवाखालीं तर निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या वनस्पति विकल्या जातात. शिवाय हृदयाला घातक असें विष असलेली कण्हेर आज ज्या विस्तृत कुळांत गणली जाते, त्याच कुळांत दमवेलहि येते. तेव्हां ह्या कुळांतील अनोळखी पान केवळ दिसण्यावरून तोंडांत घालणें शहाणपणाचें नव्हे. कोल्हापूरकरांस ह्या बाबतींत एक सोय आहे. डॉ. श्रीरंग यादव व डॉ. मिलिंद सरदेसाई ह्यांनीं कोल्हापूर जिल्ह्यांतील वनस्पतींची सविस्तर नोंद करणारा ग्रंथ २००२ सालीं प्रसिद्ध केला आहे, आणि वनस्पतीची ओळख पटवून देऊं शकणारे जाणकार शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागांत शहरांतच आहेत.

आतां ह्या वेलीच्या पूर्वेतिहासाकडे वळूं. विलायती वैद्यकांत ‘इपेकॅक’ नांवाची ब्राझिल देशांतील एक मुळी वांति करविण्यासाठीं व आंवेवर वापरीत असत. ती दूर देशाहून आणावी लागे. तिच्याऐवजीं हिंदुस्थानांत कांहीं मिळेल काय, ह्याचा शोध घेतां घेतां डॉक्टरांची नजर दमवेलीवर गेली, आणि १८६८ सालच्या ‘फार्माकोपिया ऑफ इंडिया’ ह्या सरकारी औषधिसंग्रहांत तिच्या वाळलेल्या पानांस स्थान मिळालें. म्हणजे अधिकृत वैद्यकांत ह्या वेलीचा जो गुण प्रथम मानला गेला तो ओकारी आणण्याचा होय. १९३५ सालीं रत्नगिरिस्वरन् व वेंकटाचलम् ह्या दोन संशोधकांनीं तिच्यांतून ‘टायलोफोरीन’ व ‘टायलोफोरिनीन’ हीं द्रव्यें वेगळीं केलीं. हीं द्रव्यें अल्कलॉइड वर्गांतील आहेत; अफूंतील मॉर्फिन व सिंकोनाच्या सालींतील क्विनीन हींहि त्याच वर्गांत मोडतात. ह्या वर्गांतील पुष्कळ द्रव्यें अल्प मात्रेंत औषध व अधिक मात्रेंत विष ठरतात, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

दम्यावर औषधाची परीक्षा करणें हें वाटतें तितकें सोपें काम नाहीं. दमा हा चढउतार असलेला विकार आहे. हवा पालटली, घरांतील धूळ झाडली गेली, मनावरचा ताण हलका झाला, किंवा नुसते चार दिवस लोटले तरी श्वास मोकळा होतो. रोगी पान खातो तें बहुधा त्रास शिगेला पोहोंचला असतां. आणि शिगेला पोहोंचलेला त्रास पुढें उतरणारच असतो. त्याचें श्रेय पानाला मिळतें. म्हणून ‘अमक्याला गुण आला’ ही साक्ष कितीहि प्रामाणिक असली तरी पुरेशी नाहीं. ह्यासाठीं रुग्णांचे दोन गट करावे लागतात. एकास खरें औषध व दुसऱ्यास औषधासारखेंच दिसणारें पण औषध नसलेलें कांहीं द्यावें लागतें. आणि कोणास काय दिलें तें रोग्यालाहि कळूं द्यावयाचें नसतें व तपासणाऱ्या डॉक्टरलाहि कळूं द्यावयाचें नसतें.

दिल्लीच्या वल्लभभाई पटेल छाती संस्थेंतील डॉ. शिवपुरी व त्यांचे सहकारी ह्यांनीं दमवेलीची अशी परीक्षा घेतली. १९६९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत ११० रुग्ण होते. औषध म्हणून रोज एक पान, वजनानें सुमारें १५० मिलिग्रॅम, असें सहा दिवस देण्यांत आलें. आठवड्याच्या अखेरीस खरें पान खाणाऱ्यांपैकीं शेंकडा ६२ जणांस मध्यम ते पूर्ण आराम वाटला. औषध नसलेलें खाणाऱ्यांपैकीं शेंकडा २८ जणांस तसाच आराम वाटला. १९७२ सालच्या दुसऱ्या प्रयोगांत १९५ रुग्णांना पानाऐवजीं त्याचा मद्यार्कांत काढलेला अर्क, रोज ४० मिलिग्रॅम, सहा दिवस दिला गेला. तेथें हे आंकडे शेंकडा ५६ व सुमारें ३२ असे आले. पुढील आठवड्यांत हा लाभ हळूहळू ओसरत गेला.

हे आंकडे ऐकून दमवेलीचा पक्षपाती हर्षित होईल. त्यानें थोडें थांबावें. १९७९ सालीं गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १३५ रुग्णांवर त्याच धर्तीची परीक्षा केली. तींत रुग्णांना वाटणाऱ्या त्रासांत किंवा यंत्रानें मोजलेल्या फुप्फुसांच्या शक्तींत, खरें औषध घेणारे व न घेणारे ह्यांच्यामध्यें लक्षांत घेण्याजोगा फरक आढळला नाहीं. एकाच वेलीविषयीं दोन ठिकाणीं दोन निकाल! मग खरें कोणतें मानावयाचें?

येथें पहिल्या प्रयोगांतील एक बारीक गोष्ट पहावी लागते. पान खाणाऱ्यांपैकीं निम्म्याहून अधिक जणांना तोंड येणें, मिठाची चव कमी लागणें, मळमळणें असे कांहीं ना कांहीं त्रास झाले. दुसऱ्या गटांत असे त्रास फारच थोड्यांना झाले. म्हणजे रोग्याचे डोळे बांधले होते, परंतु त्याची जीभ मोकळी होती. ज्याची जीभ चुरचुरली त्याला आपणांस खरें औषध मिळालें हें सहज कळून आलें असेल. आणि तें कळल्यावर ‘आतां बरें वाटेल’ ही अपेक्षाहि त्याच्या उत्तरांत मिसळली असेल. औषध नसलेलें खाऊनहि शेंकडा २८ जणांना आराम वाटला, हेंच ह्या अपेक्षेचें व रोगाच्या स्वाभाविक उताराचें माप आहे. पान निरुपयोगी आहे असा ह्याचा अर्थ नव्हे. ६२ व २८ ह्यांतील सगळें अंतर पानाच्या गुणाचेंच आहे असें मात्र छातीठोकपणें सांगतां येत नाहीं.

२००० सालीं हंटली व अर्न्स्ट ह्या इंग्लंडमधील संशोधकांनीं दम्यावरील वनौषधींच्या, चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें गट पाडून केलेल्या १७ परीक्षांचा एकत्र विचार केला. त्यांपैकीं पांच परीक्षा एकट्या दमवेलीच्या होत्या. कांहीं औषधींनीं आशा वाटण्याजोगा परिणाम दाखविला, तथापि कोणत्याहि एका औषधीविषयीं निश्चित पुरावा मिळत नाहीं, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा निकाल दमवेलीला दोषी ठरवीत नाहीं आणि निर्दोष म्हणून सोडूनहि देत नाहीं.

गुणाचा प्रश्न असा अनिर्णित असतांना अपायाचा प्रश्न मात्र तितका अनिर्णित नाहीं. मळमळ, ओकारी, तोंड येणें व चव जाणें हे त्रास प्रयोगांतच नोंदले गेले आहेत. ते बहुधा सौम्य व तात्पुरते असतात. परंतु ते सहा-सात दिवसांच्या व मोजून दिलेल्या मात्रेचे आहेत. घरीं ‘एक पान’ म्हणजे किती? कोंवळें पान आणि जून पान, पावसाळ्यांतील पान आणि उन्हाळ्यांतील पान, एका जागेची वेल आणि दुसऱ्या जागेची वेल, ह्यांतील द्रव्याचें प्रमाण सारखें नसतें. सहा दिवसांनीं गुण न आल्यास मनुष्य सहजच बारा दिवस खातो, एकाचीं दोन पानें करतो. आणि तेथें प्रयोगांचा आधार सुटतो.

शिवाय ह्या वर्गांतील अल्कलॉइडें पेशींतील प्रथिनें तयार होण्याची क्रिया रोखतात. ह्याच गुणामुळें तीं कर्करोगावर उपयोगीं पडतील अशी आशा एकदां उत्पन्न झाली होती. दमवेलीच्या एका परदेशी भगिनीपासून काढलेलें ‘टायलोक्रेब्रीन’ हें द्रव्य १९६६ सालीं रोग्यांवर वापरून पाहण्यांत आलें. परंतु मेंदू व मज्जासंस्थेवर त्याचे इतके वाईट परिणाम दिसले कीं तो प्रयोग सोडून द्यावा लागला. तें शुद्ध द्रव्य होतें व त्याची मात्रा निराळी होती, म्हणून घरच्या पानाची तुलना त्याशीं सरळ करतां येणार नाहीं. तरी पण ‘झाडपाल्यानें काय व्हावयाचें आहे?’ असें म्हणणाऱ्यास एवढें उदाहरण पुरे आहे. गर्भवती स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या माता व लहान मुलें ह्यांना हें पान देऊंच नये. कारण त्यांच्यासाठीं तें निर्धोक असल्याचा पुरावा नाहीं, आणि पेशींच्या वाढीशीं खेळणारें द्रव्य वाढत्या देहाला देणें उचित नव्हे.

वनस्पतींना वैद्यकांत स्थान नाहीं, असें मात्र कोणीं समजूं नये. दम्याच्या बाबतींत तर वनस्पतींचे उपकार मोठे आहेत. चहाच्या पानांत १८८८ सालीं सांपडलेलें थिऑफिलीन पुढें दम्यावरील औषध झालें. चीनमधील ‘मा हुआंग’ ह्या जुन्या औषधींतून एफेड्रीन आलें. मिसर देशांतील ‘खेल्ला’ ह्या वनस्पतीच्या द्रव्यावरून क्रोमोग्लायकेट तयार झालें. त्याचा शोध लावणारे डॉ. रॉजर अल्टून्यान स्वतः दमेकरी होते व त्यांनीं नव्या द्रव्यांची परीक्षा स्वतःवरच घेतली. आणि आपल्या उकिरड्यावरचा धोत्रा! त्याचा धूर दम्यावर ओढण्याची चाल १८०२ सालीं मद्रासहून इंग्लंडांत गेली व तेथें धोत्र्याच्या विड्या पुष्कळ काळ विकल्या जात होत्या. धुरानें श्वासनलिका सैल होत हें खरें. परंतु त्याबरोबर भ्रम, हृदयाची धडधड आणि विषबाधाहि होत असे. पुढें धोत्र्यांतील अट्रोपिनाच्या रचनेंत फरक करून इप्राट्रोपियम हें औषध केलें गेलें. तें श्वासावाटे घेतां येतें, रक्तांत फारच थोडें उतरतें, आणि त्याची प्रत्येक मात्रा मोजलेली असते. धोत्र्याला हा मान मिळाला तो कसोटीला उतरल्यामुळें व त्यांतील विष वेगळें काढल्यामुळें, जुना म्हणून नव्हे. दमवेल ह्या वाटेवर दोन पावलें चालली आणि थांबली.

परंतु दमवेलीचा सर्वांत मोठा धोका पानांत नाहींच. पान खाऊं लागल्यावर जें सोडून दिलें जातें त्यांत तो आहे. दम्यांत श्वासनलिकांच्या आंतल्या अस्तराला सूज असते. ती दाबून ठेवणारें औषध नेमानें घ्यावें लागतें, आणि धाप लागली असतां नलिका मोकळ्या करणारें औषध तत्काळ लागतें. हीं दोन्हीं इन्हेलरमधून मिळतात. कोल्हापुरांतच नव्हे तर सगळ्या महाराष्ट्रांत इन्हेलरला ‘पंप’ म्हणतात आणि ‘पंपाची संवय लागते’ अशी एक भीति घरोघर असते. वस्तुतः त्यांतील स्टेरॉइडची मात्रा मायक्रोग्रॅममध्यें मोजली जाते व ती बहुतांशीं जेथें सूज आहे तेथेंच पडते. घेतल्यावर चूळ भरली म्हणजे तोंडाला होणारा किरकोळ त्रासहि टळतो. उलट दम्यावरील कित्येक निनांवी चूर्णांत व पुड्यांत स्टेरॉइडची छुपी भेसळ आढळून आलेली आहे. जो मनुष्य पंपांतल्या मोजक्या स्टेरॉइडला भितो, तोच पुडींतलें न मोजलेलें स्टेरॉइड श्रद्धेनें गिळीत असतो.

ह्या चुकीची किंमत थोडी नाहीं. २०१९ सालच्या जागतिक रोगभाराच्या अंदाजाप्रमाणें जगांतील दमेकऱ्यांपैकीं सुमारें १३ टक्के भारतांत आहेत. परंतु दम्यानें होणाऱ्या मृत्यूंपैकीं सुमारें ४२ टक्के मृत्यु भारतांत होतात. रोग तोच, औषधेंहि तींच. तीं वेळेवर व नेमानें घेतलीं जात नाहींत, हें ह्या तफावतीचें एक मोठें कारण होय. एका श्वासांत एक वाक्य पुरें करतां येत नसेल, ओंठ निळसर दिसूं लागले असतील, किंवा धापेवरच्या औषधाचा परिणाम टिकत नसेल, तर पान, काढा अथवा वाफ ह्यांत एक क्षणहि न दवडतां रुग्णास दवाखान्यांत न्यावें. शिवाजी पेठेहून ‘थोरला दवाखाना’, म्हणजे छत्रपति प्रमिलाराजे रुग्णालय, फार दूर नाहीं.

मग परसांतल्या वेलीचें काय करावें? ती उपटून टाकण्याचें कारण नाहीं. कुंपणावर ती सुखानें वाढूं द्यावी. ज्याला पान खाण्याचा मोह आवरतच नसेल त्यानें आधीं वेलीची ओळख जाणत्याकडून पटवून घ्यावी, डॉक्टरांना व वैद्यांना मोकळेपणानें सांगावें, आणि चालू असलेला पंप एक दिवसहि बंद करूं नये. पीक फ्लो मीटर नांवाचें एक लहानसें, विजेवांचून चालणारें उपकरण औषधांच्या दुकानांत मिळतें. त्यांत जोरानें फुंकल्यास श्वासाचा वेग आंकड्यांत दिसतो. सकाळ-संध्याकाळचा आंकडा वहींत लिहून ठेवल्यास ‘बरें वाटतें’ आणि ‘बरें आहे’ ह्यांतील भेद घरच्या घरीं कळून येतो. आंकडा खालीं येऊं लागला, ओकारी झाली किंवा तोंडाची चव गेली, तर पान तत्काळ थांबवावें.

संशोधकांपुढचें काम ह्याहून मोठें आहे. ओळख पटलेल्या व द्रव्याचें प्रमाण मोजलेल्या वेलीचें औषध, जीभ चुरचुरविणारेंच परंतु निर्गुण असें जोडऔषध, आठवड्यांऐवजीं महिन्यांची मुदत, आणि प्रत्येक अपायाची प्रामाणिक नोंद, एवढ्या साहित्यानें ह्या वेलीचा निकाल लागूं शकतो. भारतांत २००९ सालापासून अशा प्रत्येक चांचणीची जाहीर नोंद आधींच करणें सक्तीचें झालेलें आहे. त्यामुळें प्रतिकूल निकाल दडवून ठेवणें आतां पूर्वींइतकें सोपें राहिलेलें नाहीं. निकाल अनुकूल लागला तर पेठेंतल्या वेलीचें पान उद्यां मोजलेल्या गोळीच्या रूपानें रोग्याच्या हातीं येईल. प्रतिकूल लागला तर निदान सकाळच्या ओकाऱ्या तरी वांचतील. तोंवर शेजारणीच्या सल्ल्याबद्दल तिचे आभार मानावे, आणि काकींच्या उशाशीं पंप ठेवावा.